कातळावरची अक्षरं

आनंदराव मास्तर ठकूला पहिल्यांदा जवळून दिसले, ते करवंदीच्या जाळीत अडकलेले.

दिवाळी होऊन गेली होती. भाताची खाचरं मोकळी झाली होती. सकाळचं धुकं राजगडाच्या माचीवरून हळूहळू वर सरकत होतं, आणि ठकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन माळ उतरत होती. तेवढ्यात समोरून वाडीतला गुराखी पोरगा गेनू सुसाट आला, तिला वळसा घालून निसटला आणि ओढा ओलांडून पसारही झाला. त्याच्यामागं धापा टाकत एक उंच, सावळा तरुण... एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पाटी. पुढचं पाऊल टाकतो तोच त्याच्या धोतराचा सोगा जाळीत गुंतला.

तो ओढू लागला. जाळी सोडेना. टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला. ठकूनं ओठ घट्ट दाबले, तरी हसू फुटलंच.

“हसायला काय झालं गं?”

“म्या कुठं हसले? डोक्यावर भारा असला की तोंड असंच व्हतं.”

“मग भारा ठेव आणि हात लाव जरा.”

“हात कशाला पायजे? ओढू नका म्हंजे झालं. करवंदीला ओढलं की ती आनिक धरती. आला तसं मागं सरका, आपसूक सोडंल.”

तो चुपचाप मागं सरकला. काटे एकेक करून सुटले. त्यानं वर पाहिलं. ठकूनं नजर खाली घातली, पण जाता जाता म्हणालीच, “पोरास्नी बी तुमी असंच ओढता, मास्तर. म्हनून ती पळत्यात.”

पाली गावाच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी, जांभुळवाडी म्हणून चाळीस उंबऱ्यांची वाडी होती. तेव्हा सगळा मुलूख भोर संस्थानात. भोंगवलीचे आनंदराव सातवीची फायनल पास होऊन ह्या वाडीवर मास्तर म्हणून आले, त्याला महिना झाला होता. भैरोबाच्या ओवरीत शाळा भरायची. भरायची म्हणजे मास्तर यायचे, फळा यायचा, आणि चारदोन पोरं यायची. बाकीची गुरांमागं माळावर. त्यांच्या आयांना विचारलं तर म्हणायच्या, “बुकं वाचून म्हस दूध जास्त देती का वो?”

वाडीत अक्षर ओळखणारा माणूस एकच, ठकूचे वडील सोनबा, तिचे आबा. सोनबांनी भोरच्या कचेरीत पंधरा वर्षं कागदांच्या नकला केल्या होत्या. त्यातच डोळे हळूहळू गेले. मग आबांनी जपून ठेवलेले जुने कागद ठकूनं त्यांना वाचून दाखवायचे. त्यासाठी त्यांनी तिला लहानपणीच मोडी शिकवली. आई नाही, आबांना दिसत नाही, त्यामुळं अठरा वर्षांची झाली तरी ठकूचं लग्न लांबलेलं. तिला वाचता येतं हे आबांनी आणि चुलती चंद्राबाईनं कुणाला कळू दिलं नव्हतं. “वाचनारी पोरगी म्हटलं की सोयरा उंबऱ्यातनं मागं फिरंल,” असं चंद्राबाईचं म्हणणं.

चार दिवसांनी आनंदराव सोनबांकडं येऊन ओसरीवर बसले. ठकू आत ताक घुसळत होती. मास्तरांचा आवाज पडलेला होता.

“अण्णा, दरबारचा हुकूम आलाय. संक्रांतीनंतर आठव्या दिवशी शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला येणार. पटावरच्या पंधरा जणांनी पुस्तक वाचून दाखवलं तर शाळा राहील. नाहीतर उचलून नदीपल्याडच्या गावाला.”

“आन तुमी?”

“शाळा जाईल तिकडं मास्तर.”

रवी थांबली. ठकूला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. ज्या माणसाला आपण एकदा जाळीत पाहिलं, तो जाणार म्हटल्यावर हातातली दोरी का सुटावी?

“पोरं येत नाहीत हो,” मास्तर सांगत होते. “गोळ्या दिल्या, गोष्टी सांगितल्या, रागावलो. वाचून काय मिळतं, हेच त्यांना कळत नाही.”

ती रात्र ठकूनं कूस बदलत काढली. वाचून काय मिळतं? आपल्याला काय मिळालं होतं? आबांच्या कागदांत एकदा तिला तिच्या आजोबांचं नाव सापडलं होतं. त्या दिवशी ती जेवायची विसरली होती. आपल्या माणसाचं नाव कुणीतरी लिहून ठेवलंय... आणि आपल्याला ते कळतंय.

दुसऱ्या दिवशी, गुरं माळावर पोचायच्या आधी, ती पाणवठ्याजवळच्या काळ्या कातळापाशी गेली. वाटीत पांढरी माती कालवून नेली होती. काडीनं तिनं एक म्हैस काढली, एक शिंग सरळ, एक वाकडं. असली म्हैस वाडीत एकाचीच, गेनूची. आणि चित्राखाली एक ओळ लिहिली.

दुपारपर्यंत माळावर कालवा झाला.

“गेन्या, तुजी वाकडशिंगी हाय ही!”

“मग खाली काय लिवलंय? गेन्या ढ हाय, आसंच आसनार!”

“तुज्याबद्दल आसंल ते!” गेनू किंचाळला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

बना नावाची दहा वर्षांची एक धीट पोर होती. ती म्हणाली, “मास्तरास्नी इचारू या की.”

“मास्तराचं नाव काढलंस तर झिंज्या उपटीन!” गेनू म्हणाला. “काय लिवलं असंल, कुनाला ठावं. माजं मी वाचीन.”

आणि तिसऱ्या दिवशी गेनू शाळेत हजर. त्याच्या पुढच्या दिवशी कातळावर बनाची चिरकी घागर उमटली. मग रखमाजीच्या ज्ञानूचं लंगडं वासरू. प्रत्येकाखाली एकेक ओळ. पोरं म्हणायची, गडावरचा बाबा लिहून जातो. महिनाभरात शाळेत वीस पोरं बसू लागली आणि आनंदरावांना कळेना की झालं काय. पाणवठ्याच्या वाटेवर ठकू भेटली तेव्हा ते हरखून सांगू लागले.

“येतात गं! आपण होऊन येतात! मी काही केलं नाही.”

“ओढायचं सोडलं असंल तुमी.”

“तुझं ऐकलं म्हणून आली, असं सांगतेस होय?”

“माजं ऐकायला तुमाला वेळ कुठं हाय... पाटी न् पोरं सोडून.”

ती झपाझपा पुढं गेली. घागर हिंदकळून खांदा भिजला, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

मार्गशीर्ष सरता सरता पोरांना अक्षरं जुळवता येऊ लागली. मग एका सकाळी सगळी माळावर धावली, आपापली ओळ वाचायला.

त्या दिवसापासून शाळा ओस पडली.

एकही पोर नाही. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा... तपासणीला उरले होते वीस दिवस. आनंदराव दारोदार हिंडले. शेवटी गेनूला त्यांनी गोठ्यात गाठलं.

“काय चुकलं माझं, गेनू?”

“तुमची अक्षरं खोटी हायेत.”

“काय?”

“खोटी! तुमचं आख्खं शिकलो, आन कातळावरचं एक बी लागत न्हाई!”

बनानं त्यांना माळावर नेलं. मागं मागं बाकीची पोरं. ठकू दूर बांधावर गवत कापत होती. तिनं पाहिलं, मास्तर कातळासमोर उकिडवे बसलेत, मग डोक्याला हात लावलाय. ती विळा टाकून उठली. आपलं काय चुकलं?

“अरे, ही मोडी आहे!” आनंदरावांचा आवाज माळावर घुमला. “हे बघ गेनू, काय लिहिलंय. ‘गेनूनं पुरातनं रेडकू काढलं, पण कुणाला सांगितलं नाही.’”

गेनूनं नाक पुसलं. “...मला वाटलं, शिव्या हायेत.”

“मास्तर, आन हे?” बनानं कातळाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं एक काटेरी जाळी होती आणि तिच्यात धोतर अडकलेला, हातात टोपी घेतलेला माणूस.

आनंदरावांनी ओळ वाचली, मनातल्या मनात. त्यांचे कान लाल झाले.

“सांगा की वो!”

“ते... ते माझ्यापुरतं आहे.”

“मग हीच अक्षरं शिकवा आमाला,” गेनू म्हणाला. “तुमच्या पुस्तकात आमचं कोन हाय? हितं आमी हाय.”

मास्तरांनी परोपरीनं सांगितलं, तपासणी छापील पुस्तकाची, बाळबोध अक्षरांची. मोडी पुढच्या इयत्तेत. पोरांनी मान हलवली आणि गुरं वळवून चालती झाली.

संध्याकाळी आनंदराव सोनबांच्या ओसरीवर आले ते बसलेच नाहीत. ठकू दाराआड उभी होती.

“अण्णा, माळावर कुणीतरी मोडी लिहितंय.”

सोनबांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मोडी ह्या वाडीत दोघांनाच येती, मास्तर. त्यातला एक आंधळा हाय.” आणि आवाज चढवून, “ठके!”

ती बाहेर आली. पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत उभी राहिली.

“एवढं लिवतीस,” आबा म्हणाले, “आन मला वाचून दावलं न्हाईस?”

आनंदरावांचा राग अर्ध्यात अडला. तरी ते म्हणाले, “बाळबोधात का नाही लिहिलंस? वीस दिवस राहिलेत. पोरं आता पुस्तकाला हात लावीनात.”

“मला काय ठावं?” ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. “पोथीतली अक्षरं देवाची, कागदातली मानसांची, एवढंच म्या जाणते. शाळंत मानसाचीच शिकवत असतील, असं धरलं... तुमची शाळा ऱ्हावी म्हनून केलं. आन माज्याच हातानं बुडवली.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“मला शिकवा,” ती एकदम म्हणाली. “देवाची अक्षरं. धा दिवसांत. कातळावर तीच लिवते. पोरं आपल्या नावासाठी वाचतील.”

“दहा दिवसांत?”

“गेनू दीड म्हैन्यात शिकला. म्या गेनूपरीस ढ हाय का?”

आनंदराव हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

आबांच्या देखत, म्हणजे आबांच्या कानांदेखत, शिकवणी सुरू झाली. दिवेलागणीला मास्तर यायचे. पाटी दोघांच्या मध्ये. ठकूचा हात एकदा टेकला की उचलतच नसे, मोडीची सवय.

“हात उचल.”

“उचलला की तुटतंय.”

“तुटू दे. मोडीत अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. इथं प्रत्येकानं आपापल्या पायावर उभं राहायचं.”

“मग एकटं वाटत आसंल त्यास्नी.”

“म्हणून तर वर रेघ असते... सगळ्यांना एका छपराखाली घेणारी.”

तिनं मान वर केली. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे तिच्या बोटांवर होते, मग बोटांवर राहिले नाहीत. पेन्सिल थांबली.

“काय वो मास्तर, गप का?” आबांनी विचारलं.

“लिहितोय, अण्णा.”

“लिवनाऱ्याचा पाटीवर आवाज येतो. ह्यो कसला लिवायचा?”

ठकूनं पदर तोंडात कोंबला.

पण हसण्याचे दिवस नव्हते. चंद्राबाईनं दोनदा येऊन सुनावलं की पोरगी हातची जाईल, मास्तर आज हाय न् उद्या न्हाई. रात्री ठकू डोळे मिटून अंधारात बोटानं अक्षरं काढायची. दहाव्या दिवशी पहाटे ती माळावर गेली. वाकड्या शिंगाच्या म्हशीखाली तिनं बाळबोधात लिहिलं, सुटं सुटं.

दिवस वर आला. ती कारवीच्या झुडपांआड बसून राहिली. गेनू आला. थबकला. वाकला. ओठ हलू लागले.

“गे... नू... ची... म्हैस... गा... भ... ण... आ... हे.” तो ताडकन उभा राहिला. “म्या वाचलं! बने, म्या वाचलं! आन खरं हाय ते!”

त्या दुपारी ओवरी पुन्हा भरली. मास्तरांनी हट्ट सोडून दिला. रोज कातळावर तीनचार ओळी, आणि त्यातलेच शब्द पुस्तकात शोधायचे. ‘नदी’ सापडली की पोरं ओरडायची, जणू चुकलेली शेळी सापडली. पण दिवस पाण्यासारखे चालले होते. विसातली पाच पोरं अजून अडखळत होती. पक्की वाचणारी बरोबर पंधरा. एकही जास्त नाही.

तपासणीच्या दिवशी दिपोटी घोड्यावरून आले. काळा कोट, पगडी, बोलणं मोजकं. सगळी वाडी ओवरीभोवती गोळा झाली. सोनबा काठी टेकत पायरीवर येऊन बसले. ठकू बायकांमागं, खांबाला धरून उभी. तिनं पोरं मोजली. पुन्हा मोजली.

ज्ञानू नव्हता.

“रखमाजी, पोरगं कुठं?” आनंदरावांनी हलक्या आवाजात विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“धाडलं पहाटंच म्हशींबरूबर वरच्या पठाराला. दिपोटी काय म्हशी राखनार हाय का?”

पठार दोन तासांच्या वाटेवर. दिपोटींनी घड्याळ काढून पाहिलं. “सुरू करा. मला सूर्यास्ताच्या आत वेल्ह्याला पोचायचंय.”

त्यांनी पुस्तक मधूनच कुठंतरी उघडलं, पोरांनी न पाहिलेल्या पानावर. प्रत्येकानं पाच ओळी. बनानं घडाघडा वाचल्या. एकामागून एक पोरं उठली. गेनू तिसऱ्या ओळीवर अडकला. त्यानं घाम पुसला, दात चावले, आणि एकेक अक्षर उपटल्यासारखं करून ओळ पार केली. अडखळणाऱ्या पाचांनाही दिपोटींनी उठवून पाहिलं. पाचही अडखळली.

“चौदा,” दिपोटी म्हणाले. “वाईट वाटतं, मास्तर. मुलं चांगली तयार केलीत. पण हुकुमात पंधरा आहे.” त्यांनी कागद पुढं ओढला, दौतीत टाक बुडवला.

आनंदराव उभे होते, हात लोंबत. त्यांनी ओवरीभर नजर फिरवली. पोरांवरून, फळ्यावरून... आणि मग खांबाकडं. क्षणभरच. त्या नजरेत मागणं नव्हतं. निरोप होता.

ठकूचे पाय कधी हलले, तिला कळलं नाही. बायकांच्या मधून वाट काढत ती पुढं आली. चंद्राबाईनं पदर धरला, तो सुटला.

“साहेब... मला वाचायचंय.”

कुजबुज उसळली. दिपोटींनी चष्म्यावरून पाहिलं. “तू कोण?”

“सोनबाची ठकू.”

“तू शाळेत आहेस? हुकुमात पटावरचे पंधरा म्हटलंय, बाई. वाटेल तो नाही. तुझं नाव आहे पटावर?”

नाव? तिच्या मनात ही गोष्ट आलीच नव्हती. सगळ्या वाडीसमोर आली, आता सगळ्या वाडीसमोर मागं जायचं...

“आहे,” आनंदराव म्हणाले.

त्यांनी हजेरीचा पट उघडून दिपोटींसमोर ठेवला. “एकविसावं नाव. ज्या संध्याकाळी शिकवायला सुरुवात केली, त्याच दिवशी घातलंय. मी ज्याला शिकवतो त्याचं नाव पटावर असतं, साहेब. वय लपवलेलं नाही.”

दिपोटींनी बोट ठेवून वाचलं. तारीख पाहिली. मग ठकूकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. आणि पुस्तक पुढं केलं.

तिनं पान डोळ्यांजवळ धरलं. पहिली ओळ गेली. दुसरी. तिचा आवाज कापत होता, पण तुटत नव्हता. चौथ्या ओळीत एक शब्द आडवा आला. ‘स्वच्छ’. अक्षरं एकमेकांच्या पोटात शिरलेली. तिला ती कळेनात. मागं कुणीतरी खाकरलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. सांगता येत नव्हतं, सोसवत नव्हतं.

हात धरून चालणारी अक्षरं, ठकूला वाटलं. ह्यांची तर मला सवय हाय.

“स्व... च्छ,” ती म्हणाली. “स्वच्छ पाणी.” आणि पाचवी ओळ एका दमात संपवली.

“कुणी शिकवलं तुला?”

“मास्तरांनी.” तिनं मान खाली घातली नाही. सगळ्या वाडीनं ते ऐकलं, आणि त्यामागचं न बोललेलंही ऐकलं.

दिपोटींनी पुढं ओढलेला कागद घडी करून खिशात घातला. “पंधरा,” ते म्हणाले.

मग पोरांनी जो गिल्ला केला, त्यात भैरोबाची घंटा कुणी वाजवली ते कळलंच नाही. चंद्राबाई पुटपुटत होती, “आता कोन बायकू करनार हिला?” पायरीवर बसलेल्या सोनबांनी काठी आपटली. “ज्याला करायची हाय त्याला डोळं हायेत, चंद्रा. तू गप.”

घोडा वेल्ह्याच्या वाटेला लागला. माणसं पांगली. ओवरीत ठकू पाट्या गोळा करीत राहिली, उगाचच, एकेक. आनंदराव पट मिटत होते, तोही मिटता मिटेना.

“बघू तरी,” ती म्हणाली.

त्यांनी पान तिच्याकडं वळवलं. एकविसावी ओळ. ठळक, सरळ, बाळबोध अक्षरांत तिचं नाव. कुणी तिचं नाव लिहिलेलं ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं, शाई पुसेल की काय अशा भीतीनं.

“सांगितलं का न्हाईत?”

“भीती वाटली. तू म्हणाली असतीस, काढा.”

“आन आता?”

“आता...” ते घुटमळले. टोपी काढली, पुन्हा घातली. “आता मलाच हे नाव काढावं लागेल असं वाटतंय. पुढच्या वर्षापासून.”

तिचा चेहरा उतरला. “का? चुकलं का काय माजं?”

“तसं नाही. मास्तराच्या घरातल्या माणसाचं नाव पटावर ठेवत नाहीत. म्हणजे... अण्णांना विचारणार आहे मी. आज. तू हो म्हणालीस तर.”

बाहेर पोरं ‘स्वच्छ पाणी, स्वच्छ पाणी’ करत ओढ्याकडं पळत होती. ठकूनं पाट्यांची चळत छातीशी धरली. गालावरचं हसू लपवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

“आबांस्नी इचारा,” ती म्हणाली. “पन नाव काढू नका. मला अजून समदी जोडाक्षरं येत न्हाईत.”